धनी असलेल्या खेळाचे अजिंक्यपद

पत्त्यांच्या खेळाला आपल्या घरांतून फारशी प्रतिष्ठा लाभलेली नाही. सुटीच्या दुपारी झब्बू किंवा मेंढीकोट रंगात आला, की ‘पत्ते कुटीत बसले आहेत’ हा वडीलधाऱ्यांचा शेरा ठरलेलाच. परंतु या खेळाचे दोन गुण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. बावन्न पानांचा जोड पिसून वाटला, म्हणजे श्रीमंत आणि गरीब, थोरला आणि धाकटा, सारे एका पंक्तीला बसतात. कारण जोड सर्वांचा एकच असतो. आणि या खेळाला कोणी धनी नाही. दुकानदार पत्ते विकतो. झब्बूचे नियम काही तो विकत नाही.

हे दोन्ही गुण ज्यात नाहीत असा एक खेळ १९९३ साली अमेरिकेत जन्मास आला. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हे त्याचे नाव. त्याचे जनक रिचर्ड गारफील्ड हे पेनसिल्व्हानिया विद्यापीठात गणिताचा अभ्यास करीत होते. ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या त्या वेळच्या लहानशा कंपनीचे चालक पीटर अ‍ॅडकिसन यांना एक असा खेळ हवा होता, की जो खिशातून नेता यावा आणि खेळाडूंच्या मेळाव्यात दोन मोठ्या खेळांमधल्या रिकाम्या वेळात चटकन खेळता यावा. गारफील्ड यांनी तो सिद्ध करून दिला.

या खेळात प्रत्येक पानाची शक्ती निराळी. काही पाने भूमीची, काही प्राण्यांची, काही मंत्रतंत्रांची. भूमीपासून बळ मिळते, ते खर्चून प्राणी व मंत्र पटावर आणावयाचे आणि प्रतिस्पर्ध्याचे वीस गुण शून्यावर आणावयाचे, हे त्याचे थोडक्यात स्वरूप. पाने बंद पाकिटांतून विकली जातात. आत काय निघेल हे पाकीट फोडल्यावाचून कळत नाही. काही पाने विपुल, तर काही दुर्मिळ. नको ते देऊन हवे ते घ्यावयाचे आणि आपला जोड आपणच जमवावयाचा. अदलाबदलीच्या पत्त्यांचा खेळ असे नाव या प्रकारास पडले ते यावरूनच.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९४ साली, अमेरिकेची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि बो बेल हे तिचे विजेते ठरले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिलवॉकी येथे जागतिक स्पर्धा झाली. ती झॅक डोलन यांनी जिंकली. खेळाला एक वर्ष होते न होते तोच त्याला राष्ट्रीय आणि जागतिक विजेता मिळावा, हे नवलच म्हटले पाहिजे.

मात्र पहिला प्रश्न तेथेच उभा राहिला. प्रत्येकाने आपला जोड घरून आणावयाचा, तर ज्याचा खिसा जड त्याचा जोडही जड होणार. मग अजिंक्यपद बुद्धीचे की पैशाचे? यावर उपाय नियमांनी शोधले. आरंभी एकच पान हवे तितक्या वेळा घेता येत असे. स्पर्धेसाठी नियम झाला, की जोडात किमान साठ पाने असावीत आणि मूळ भूमीची पाने सोडून कोणतेही पान चारांपेक्षा अधिक नसावे. ‘ब्लॅक लोटस’सारखी अतिप्रबळ पाने तर एकेकच घेण्याची मुभा राहिली. १९९५ पासून केवळ अलीकडच्या संचांतील पाने चालतील असा स्पर्धेचा एक वेगळा प्रकार आला. त्यामुळे जुन्या, महागड्या पानांवाचून नवशिक्याचे अडेनासे झाले.

याहूनही सुंदर युक्ती म्हणजे निवडीचा डाव. आठ खेळाडू एका मेजाभोवती बसतात. प्रत्येकाला तीन बंद पाकिटे मिळतात. पहिले पाकीट फोडून त्यातले एक पान स्वतःस ठेवावयाचे आणि उरलेली शेजाऱ्याकडे सरकवावयाची. असे करीत सारी पाने संपली, की दुसरे पाकीट, मग तिसरे. जमलेल्या पानांतून तेथल्या तेथे जोड बांधून खेळावयाचे. येथे घरच्या संग्रहाचा काडीइतका उपयोग नाही. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत घरून आणलेला जोड आणि निवडीचा डाव या दोहोंची परीक्षा होऊ लागली. पैशाचा प्रश्न याने समूळ मिटला नाही, पण त्याची धार खचित बोथट झाली.

दुसरा प्रश्न दैवाचा. पाने पिसली, की दैव आलेच. त्यावर बुद्धिबळाच्या स्पर्धांतली स्विस पद्धत उपयोगी पडली. एका पराभवाने कोणी बाद होत नाही. समान गुण असलेले खेळाडू फेरीमागून फेरी एकमेकांशी भिडतात आणि शेवटच्या आठांत बाद पद्धतीने सामने होतात. फेऱ्या वाढल्या, की दैवाचा वाटा घटतो. याचा पुरावा जॉन फिंकेल यांच्या कारकिर्दीत मिळतो. १९९८ साली जगज्जेत्या ठरलेल्या अमेरिकन संघात ते होते. २००० साली त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि त्याच वर्षी ब्रुसेल्स येथे बॉब माहर यांना हरवून जागतिक अजिंक्यपदही पटकावले. नुसत्या दैवाच्या बळावर असे यश पुनःपुन्हा पदरी पडत नाही.

राष्ट्रीय स्पर्धेतील अग्रेसर खेळाडूंचा संघ जागतिक स्पर्धेस जाई. जपान, फ्रान्स आदी अनेक देशांतही हीच प्रथा होती. खेळाडू आपल्या राष्ट्राच्या नावाने खेळत आणि जिंकत.

तिसरा प्रश्न मात्र नियमांनी सुटणारा नव्हता. या खेळपद्धतीला अमेरिकेत १९९७ साली पेटंट मिळाले होते. १९९९ साली ‘हॅस्ब्रो’ या खेळण्यांच्या बड्या कंपनीने ‘विझर्ड्स’च विकत घेतली. खेळ, नियम, पाने आणि स्पर्धा हे सारे एका धन्याचे. २०११ नंतर त्या धन्याने राष्ट्रीय स्पर्धा बंद केल्या आणि २०१२ पासून जागतिक चषकाच्या निवडस्पर्धा सुरू केल्या. २०१७ साली राष्ट्रीय स्पर्धा परत आल्या, आणि २०१८ नंतर चषकासह पुन्हा थांबल्या. २०२२ पासून त्यांच्या जागी प्रादेशिक अजिंक्यपदे आली.

या घडामोडींत खेळाडूंनी दाद मागावी अशी कोणतीही राष्ट्रीय संघटना नव्हती. सभा नव्हती, मतदान नव्हते. बुद्धिबळाची जागतिक संघटना १९२४ सालची, ब्रिजची १९५८ सालची. सोंगट्या करणारा कारखाना बुडाला, तरी बुद्धिबळ बुडत नाही. येथे मात्र राष्ट्राचे अजिंक्यपद हे कंपनीच्या जमाखर्चातले एक कलम होते. अर्थात कंपनीवर सगळा दोष टाकणेही न्याय्य नव्हे. नवी पाने, नियमांची देखभाल, पंच आणि बक्षिसे यांचा भार तिनेच उचलला; धन्यावाचून हा खेळ इतका वाढता ना.

हा प्रश्न आता अमेरिकेपुरता राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने संगणकावरील स्पर्धात्मक खेळांना क्रीडा खात्याच्या कक्षेत मान्यता दिली, आणि २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अशा खेळांसाठी पदकेही दिली गेली. त्यांतील खेळांनाही धनी आहेत. राष्ट्राच्या नावाने खेळावयाचे असेल, तर त्या नावाची स्पर्धा भरवण्याचा आणि चालू ठेवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हे आधीच ठरवलेले बरे. अमेरिकेतील खेळाडूंपाशी त्यांचे जोड आजही आहेत, आणि ते खेळतातही. राष्ट्रीय विजेता ठरवणे मात्र त्यांच्या हाती कधीच नव्हते.