डोंगरची काळी मैना आणि तिची विषारी बहीण

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सकाळची शाळा. आमच्या चौथीच्या वर्गात वाडीवरच्या एका मुलीने दप्तरातून पानांचा द्रोण काढला. आत काळीभोर करवंदं! मग काय, पाढे राहिले बाजूला आणि खेळ सुरू झाला, "कोंबडा की कोंबडी?" करवंद फोडल्यावर आत लालभडक निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, माझ्याकडे याहून मोठं करवंद आहे. यालाही चीक येतो!" त्याच्या हातातलं काळं फळ पाहून माझ्या काळजात धस्स झालं. ते होतं बिट्टीचं, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं फळ. हे सगळं झाडच विषारी. त्यातही बी खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. नशीब, त्याने ते तोंडात घातलं नव्हतं.

पण गंमत अशी, की त्याचं निरीक्षण खोटं नव्हतं. करवंद आणि कण्हेर एकाच कुळातल्या! दोघींनाही पांढरा चीक येतो, दोघींची फळं पिकून काळी होतात. मग ओळखायचं कसं? एका खुणेवर विसंबायचं नाही, चार खुणा जुळवायच्या.

१. काटे : करवंदीच्या जाळीला टणक, अणकुचीदार काटे असतात. बिट्टीला काटे नसतात.
२. पानं : करवंदीची पानं लहान, जाड, चकचकीत आणि समोरासमोर जोडीने येतात. बिट्टीची पानं फितीसारखी लांब आणि अरुंद.
३. फुलं : करवंदीची पांढरी, पाच पाकळ्यांची, जाईसारख्या वासाची. बिट्टीची पिवळी, नरसाळ्यासारखी.
४. बी : करवंदात लहान, चपट्या बिया. बिट्टीत एकच मोठी, कठीण आठळी.

चारही खुणा जुळल्या आणि घरातल्या जाणत्या माणसानेही होकार दिला, तरच फळ तोंडात टाकायचं. "पक्षी खातात, मग आपण का नको?" असंही म्हणू नका. पक्ष्यांना पचतं ते आपल्याला पचेलच असं नाही.

करवंदाचं शास्त्रीय नाव कॅरिसा करंडास आणि संस्कृत नाव करमर्द. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर त्याच्या जाळ्या आहेत. कच्च्या करवंदांचं लोणचं आणि चटणी करतात. पिकलेल्यांचं सरबत होतं, जॅमही छान होतो. खाण्याआधी फळं मिठाच्या पाण्यात धुवावीत. बोटांना चीक चिकटला तर थोडं तेल चोळावं. शेताच्या बांधावर करवंदीची जाळी असली की गुरं आत शिरत नाहीत. फुकटचं कुंपण आणि वर फळंही!

मे महिन्यात ठाकर आणि कातकरी बायका पहाटेच डोंगर चढतात. काट्यांनी हात ओरबाडून घेत टोपली भरतात आणि कर्जत, नेरळच्या बाजारात येऊन बसतात. भोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. आजही घाट चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला जादा इंजिनं जोडतात, म्हणून गाडी थांबते. अशा वेळी खिडकीतून घेतलेला करवंदांचा द्रोण तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल.

पण फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी डोंगराला वणवा लावला, की गवताबरोबर फुलांनी भरलेल्या जाळ्याही होरपळतात. मग मे महिन्यात टोपली रिकामी. त्या बायकांचे चार पैसे बुडतात आणि बुलबुलांचा खाऊही जातो. कित्येक बांधांवर आता जाळीऐवजी तारेचं कुंपण आलंय. म्हणून करवंदं काढताना फांदी मोडू नका, थोडी फळं पाखरांना ठेवा, आणि कुठे आग दिसली तर लगेच मोठ्यांना सांगा.

त्या दिवशी आम्ही बिट्टीचं फळ आणि करवंद फळ्यापाशी शेजारी शेजारी ठेवलं. सगळ्यांनी वहीत दोन्हींची चित्रं काढली. त्या मुलाने बिट्टीखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "ही मैना नाही!" नंतर सर्वांनी साबणाने हात धुतले आणि मगच द्रोणातली करवंदं वाटली.

लक्षात ठेवा : चुकून अनोळखी फळ खाल्लंत तर रागावतील म्हणून लपवू नका. लगेच मोठ्यांना सांगा आणि दवाखान्यात जाताना ते फळ व पान सोबत न्या. आणि पालकहो, मूल सांगायला आलं तर आधी दवाखाना गाठा, रागवायचं नंतर!