बापाची कुऱ्हाड, लेकाचा ग्राइंडर

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण घरभेद्याबद्दल वापरतो. मागल्या उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात ती शब्दशः खरी होता होता राहिली.

गोंदियाजवळच्या खेड्यातले सुतारकाम करणारे घर. बाप साठीचा, कुऱ्हाड, रंधा नि पटाशीवर आयुष्य काढलेला. मुलगा तिशीचा, वेगळा राहणारा, सारे काम विजेच्या यंत्रांवर. मुलाने बापाची कुऱ्हाड मागून नेली. मे महिन्याच्या उन्हात दांड्याचे लाकूड आकसते नि पाते सैल होते. बाप रोज सकाळी दांडा हलवून पाहायचा, पाचर ठोकायचा. हे त्याने सांगितले नाही, मुलाने विचारले नाही. पाते निसटून मुलाच्या पायावर बसले. त्याने जखमेत हळद भरली, फडके बांधले आणि दोन दिवसांनी माझ्याकडे आला.

पुढच्याच महिन्यात बाप आला, डोळा लाल. मुलाचा ग्राइंडर चष्म्याशिवाय चालवला होता. लोखंडाचा कण बुबुळात रुतला होता. “चष्मा का मागितला नाही?” मी विचारले. “या वयात पोराले काय विचारू, डॉक्टरसाहेब?” तो म्हणाला.

अवजार दिले गेले, अनुभव मात्र दिला गेला नाही. दुखणे तिथेच होते.

आता धनुर्वाताविषयी. गंजामुळे धनुर्वात होतो, हा गैरसमज आहे. त्याचे जंतू माती व शेणात असतात. बांधीत, गोठ्यात वापरलेले स्वच्छ, चकचकीत अवजारही तितकेच धोक्याचे. खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही तिथे ते वाढतात. लक्षणे बहुधा 3 ते 21 दिवसांत दिसतात. आधी जबडा आवळतो. आपल्या देशात सर्वांसाठी लसीकरणाचा कार्यक्रम 1985 साली सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना लहानपणी लस मिळालेलीच नाही. अशांचे एका सुईने भागत नाही, तीन डोस पुरे करावे लागतात. डोस पूर्ण झालेल्यांनी दर 10 वर्षांनी एक घ्यावा. जखम मातीने माखलेली असेल आणि शेवटच्या डोसला 5 वर्षे झाली असतील तर लगेच. प्रत्येक खरचटण्याला सुई मात्र नको. सरकारी दवाखान्यात आता टी.टी.ऐवजी टी.डी. मिळते, तिच्यात घटसर्पाचेही संरक्षण असते.

जखम झाली की वाहत्या पाण्याने व साबणाने भरपूर धुवा. हळद, राख, तंबाखू, शेण काहीही भरू नका. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि निघा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, काडीने किंवा पदराने काढू नका. स्वच्छ पाण्याने धुऊनही खुपत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

आणि घरासाठी एक नियम. कुऱ्हाड देताना दांडा हलवून दाखवा. दांडा पाण्यात भिजवणे हा तात्पुरता उपाय आहे, सुकला की पाते पुन्हा सैल होते. नवी पाचरच हवी. ग्राइंडर द्याल तर त्याचे संरक्षक झाकण काढू नका आणि चष्मा सोबत द्या.

त्या बापलेकांत आता ठरले आहे, घेणाऱ्याने आधी विचारायचे. मुलाची जखम भरली, बापाचा डोळा वाचला. दोघांचीही लस पूर्ण होते आहे. तुमची झाली का?