विषाचा पत्ता

कोलंबियातल्या चोको जंगलातले एम्बेरा शिकारी फुंकनळीच्या बाणांना जे विष लावत, ते इवल्याशा बेडकाच्या पाठीवरून घेतलेलं असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ जॉन डेली १९६०च्या दशकात त्या विषाच्या मागावर निघाले आणि १९६९ साली त्यातल्या बॅट्राकोटॉक्सिनची रचना प्रसिद्ध झाली. पुढची चार दशकं बेडकांच्या कातडीतून नवनवी अल्कलॉइडं निघत राहिली. २००५पर्यंत त्यांची संख्या आठशेच्या वर गेली होती. माझ्या मते या काळातला सर्वांत मोठा शोध या आठशेंपैकी कोणत्याच रेणूचा नाही. बेडकाचं विष बहुतांशी बेडकाचं नसतंच, ते त्याच्या पायाखालच्या पालापाचोळ्याचं असतं, हे उमगणं हा तो शोध. तो उशिरा लागला, कारण कातडी गोळा करणाऱ्यांचा प्रश्न ‘या जातीत काय आहे?’ असा होता, ‘या जागी काय आहे?’ असा नव्हता.

खुणा मात्र लवकर दिसू लागल्या होत्या. १९७०च्या सुमाराला अग्निमुंग्यांच्या डंखात पायपेरिडीन गटातली अल्कलॉइडं ओळखली गेली. मुंगीच्या विषात प्रथिनंच असणार, असं समजणाऱ्यांना तो धक्काच होता, पण मुंगीचं रसायन आणि बेडकाचं रसायन यांची गाठ तेव्हा कुणी घातली नाही. १९८०मध्ये आणखी बोलकी गोष्ट समोर आली. जगातला सर्वांत विषारी मानला जाणारा सोनेरी बेडूक कैदेत जन्माला आला तर त्याच्या अंगात बॅट्राकोटॉक्सिन नसतं, तरीही त्याच्या नसा त्या विषाला दाद देत नाहीत. म्हणजे विष पचवण्याची ताकद वारशाने मिळाली होती, विष मात्र नाही. १९९२मध्ये हवाईतल्या बेडकांनी हेच आणखी ठळक केलं. पनामातल्या एका बेटावरून १९३२ साली डास खाण्यासाठी तिथे नेलेल्या हिरव्या-काळ्या बेडकांच्या वंशजांतली अल्कलॉइडं मूळ बेटावरच्या भाऊबंदांपेक्षा वेगळी निघाली. घरात फळमाश्या आणि रातकिडे खाऊन वाढलेल्या पिल्लांत तर ती नव्हतीच.

यावर रास्त आक्षेप असा, की कैदेत आजारपणाने किंवा ताणाने विष बनवण्याची क्षमता मंदावली असेल. १९९४मध्ये त्याचं उत्तर मिळालं. फळमाश्यांवर अल्कलॉइडची पूड भुरभुरून त्या पाळीव बेडकांना खाऊ घातल्या, तेव्हा तेच रेणू जसेच्या तसे कातडीत साठले. साठवण्याची यंत्रणा शाबूत होती, फक्त माल येत नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युरोपातला अग्निसॅलमँडर आपलं समँडरीन हे विष स्वतःच बनवतो, ऑस्ट्रेलियातला एक लहान बेडूकही काही अल्कलॉइडं स्वतः घडवतो. हे खरंच आहे, आणि ‘उभयचर विष बनवत नाहीत’ असं सरसकट विधान त्यामुळे टिकत नाही. पण अपवादाच्या जोरावर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या शेकडो रेणूंचा उगम उलगडत नाही. शिवाय तिथला विषारी बेडूक म्हणजे नुसतं साठवणीचं भांडंही नव्हे. २००३मध्ये दिसलं, की काही जाती खाल्लेल्या प्युमिलिओटॉक्सिन या अल्कलॉइडला एक ऑक्सिजन जोडून ते सुमारे पाचपट जहाल करतात.

मग पत्ते सापडत गेले. काही रेणू मुंग्यांत आणि बेडकांत सारखेच असल्याचं १९९०च्या दशकातच दिसलं होतं. २००४मध्ये पनामातल्या ब्रॅकिमिर्मेक्स आणि पॅराट्रेकिना या मुंग्यांत प्युमिलिओटॉक्सिनं मिळाली. २००७मध्ये मातीतल्या अतिसूक्ष्म माइट्सचा वाटा मुंग्यांहूनही मोठा असू शकतो, हे कळलं. मादागास्करमधल्या मँटेला बेडकांचं या अमेरिकी बेडकांशी जवळचं नातं नाही, तरी तेही मुंग्या खाऊन याच वाटेने विषारी झालेले आढळले. बॅट्राकोटॉक्सिन तर न्यू गिनीतल्या पिटोहुई पक्ष्याच्या पिसांतही निघालं आणि २००४मध्ये तिथल्याच कोरेसिने नावाच्या भुंग्यांत. चोकोतला सोनेरी बेडूक ते कशातून मिळवतो, तो किडा मात्र अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. काचेच्या पेटीत बेडकाची जात टिकवता येईल, पण या किड्याचा शोध चोकोच्या त्या पाचोळ्यातच घ्यावा लागेल, आणि त्यासाठी ते जंगल उभं असायला हवं.