खेळाडू मुलासाठी महाविद्यालय पारखताना

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या गावात आडत-दुकान सांभाळणाऱ्या कुटुंबाला मालाची पारख शिकवावी लागत नाही. तुरीचे पोते समोर आले की मूठभर नमुना काढून ओलावा, कीड आणि माती पाहिल्याशिवाय भाव बोलला जात नाही. परंतु शालेय स्पर्धांत बेसबॉल खेळलेला घरचा मुलगा बारावी उत्तीर्ण होतो, एखादे लहान महाविद्यालय ‘आमच्या संघात या, शुल्कात सवलत देऊ’ असा निरोप धाडते, आणि हेच कुटुंब कपाटातील ढाली पाहून होकार देऊन बसते. मुलाच्या आयुष्यातील मोलाच्या वर्षांचा हा व्यवहार नमुना न पाहता होऊ नये.

प्रथम वाट समजून घ्यावी. परभणी, नांदेड, लातूर व हिंगोली हे जिल्हे १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तेथील खेळ व निवड चाचणी यांतून विद्यापीठाचा संघ ठरतो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. लहान महाविद्यालयाचे बळ येथेच असते. मैदानावर एका वेळी नऊच खेळाडू उतरतात. मोठ्या संघात जो मुलगा दोन वर्षे बाकावर बसला असता, त्याला लहान संघात पहिल्याच वर्षी खेळावयास मिळू शकते. मात्र संधी मिळेल, या तोंडी शब्दावर विसंबू नये. संघाची यादी मागावी. कोण कोणत्या वर्षात शिकतो आणि आपला मुलगा ज्या जागेवर खेळतो तेथे आणखी किती जण आहेत, हे मोजावे.

दुसरी पाहणी मैदानाची. ती ठरवून न जाता, सरावाच्या वेळी करावी. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर २७.४३ मीटर आणि पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर १८.४४ मीटर असते. ही आखणी जमिनीवर दिसते का? की क्रिकेटच्या मैदानाचा एक कोपरा स्पर्धेपूर्वी आठवडाभर मिळतो? अनेक लहान महाविद्यालयांत एकच क्रीडा संचालक सर्व खेळ सांभाळतात. त्यांची तळमळ मोठी असली तरी बेसबॉल शिकविणारा जाणकार आठवड्यातून किती दिवस येतो, हे विचारण्यात संकोच नसावा.

मुलगा पिचर असेल तर एक प्रश्न टाळू नये: चेंडूफेकींची मोजदाद कोण ठेवतो? अतिरेकी फेकीने कोपर व खांदा कायमचे दुखावतात. अमेरिकेत १७ ते १८ वर्षे वयाच्या खेळाडूसाठी एका दिवसात १०५ फेकींची कमाल मर्यादा सुचविलेली आहे, आणि फेकींच्या संख्येनुसार पुढील विश्रांतीचे दिवसही ठरविले आहेत. लहान संघात पिचर एक-दोनच असतात व स्पर्धेचे सामने लागोपाठ येतात. तेथे हीच मर्यादा सर्वप्रथम विसरली जाते.

तिसरी गोष्ट घरच्या आचाराची. स्पर्धेच्या चेंडूचे आवरण गाईच्या कातड्याचे असते आणि हातमोजेही बहुधा चामड्याचेच. क्रिकेटचा चेंडूही चामड्याचाच असतो, हे पुष्कळ घरांत ध्यानी येत नाही. कृत्रिम आवरणाचे चेंडू व हातमोजे मिळतात आणि ते सरावासाठी वापरता येतात. सामन्यात मात्र आयोजक देतील तोच चेंडू हाती घ्यावा लागतो. यात कोठवर जावयाचे, हे कुटुंबाने मुलासह बसून प्रवेशापूर्वीच ठरवावे. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि सरावही त्याच वेळी संपतो. चौविहार पाळणाऱ्या मुलाला त्याआधी भोजन मिळेल का, कंदमुळाविना भाजी होईल का, पर्युषण वा दशलक्षण पर्वात निवड चाचणी आली तर उपवास करणाऱ्याने काय करावे, हे प्रश्न वसतिगृहप्रमुखांपुढे व प्रशिक्षकांपुढे मोकळेपणाने मांडावेत. पहिल्या दिवशी सांगितलेला नियम मान मिळवितो. मध्येच सांगितलेला सबब वाटतो.

चौथी गोष्ट हिशेबाची. शुल्कातील सवलत एका वर्षाची की पूर्ण अभ्यासक्रमाची, दुखापत झाल्यास ती टिकते का, प्रवास व साहित्याचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे. खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, हे खरे; परंतु प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र त्यासाठी चालत नाही आणि त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. कोणता खेळ व कोणत्या स्तरावरील यश पात्र ठरते, हे चालू शासन निर्णयात स्वतः वाचावे.

या सर्वांहून महत्त्वाची चौकशी माजी खेळाडूंची. तीन वर्षांपूर्वी संघात आलेले किती जण पदवीपर्यंत पोचले, किती मध्येच सोडून गेले? प्रशिक्षकांनी निवडून दिलेल्या एकाशी नव्हे, सोडून गेलेल्या एखाद्याशीही बोलावे. एका बाजूने पाहिलेले सत्य अपुरे असते, ही अनेकान्ताची शिकवण येथे व्यवहारात उतरते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या विभागात शेकडो लहान महाविद्यालये आहेत. तेथे खेळाच्या गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणून तेथील पालकांना बेसबॉलच्या आधी अभ्यासक्रम आणि खर्च पाहावा लागतो. मराठवाड्यातील पालकांनाही तोच प्रश्न उपयोगी पडेल: उद्या खांदा दुखावला आणि खेळ सुटला, तरी मुलाने याच महाविद्यालयात शिकावे असे वाटेल का?

उत्तर ‘होय’ आले, तर लहान संघ, साधे मैदान आणि रिकामे ढालींचे कपाट यांची चिंता करू नये. उत्तर ‘नाही’ आले, तर सवलत कितीही मोठी असली तरी घरी परतावे आणि दुसऱ्या महाविद्यालयाची पाहणी करावी. हा निर्णय सांगताना मुलगा समोर असावा. ती वर्षे त्याची आहेत.