डिझेल जळतं, माल हलत नाही
एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भरलेला दहाचाकी ट्रक लिटरला साधारण चार किलोमीटर धावतो. देशातल्या वाहनांत ट्रक जेमतेम तीन टक्के, तरी वाहतूक क्षेत्राच्या कार्बन उत्सर्जनात त्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश. सर्वांत जास्त खटकते ती रिकामी फेरी: न्हावाशेवाला कंटेनर उतरवला आणि परतीचं भाडं मिळालं नाही, तर गाडी मोकळीच बोरघाट चढते. टायरमधली हवा कमी असेल तर डिझेल आणखी लागतं. १ जुलै २०१७ला मुंबईतली जकात संपली, नाक्यांवरच्या रांगाही गेल्या. गोदामांच्या दारातलं ताटकळणं मात्र अजून सुटलेलं नाही.