पथ्याची परीक्षा पथ्य मोडताना

आमवाताचं निदान झालं की घरात गोळ्यांच्या आधी पथ्य येतं. दही बंद, चिंच बंद, वांगं-बटाटा वातूळ म्हणून बंद. डाळी सोडायला सांगणाराही एखादा भेटतोच. तो सल्ला बहुधा युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या गाउटसाठी ऐकलेला असतो, आणि तो आजार निराळा. महिनाभरात ताटात भात, दोडका आणि मुगाचं वरण उरतं. एवढं करून बोटं जरा हलकी झाली, तरी ती कशामुळे हे सांगता येत नाही. पाच-सहा पदार्थ एकदम गेले, त्यांतला दोषी कोण?

अडचण आजाराच्या स्वभावातच आहे. आमवातात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेले राहतात. पण ही सूज एकसारखी नसते. आपसूक चढते, आपसूक उतरते. माणूस पथ्याला लागतो तो दुखणं टिपेला पोचल्यावर, म्हणजे तसंही ते उतरायच्या बेतात असताना. शिवाय आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. गोळी आणि पथ्य एकाच सुमाराला सुरू झालं की यश पथ्याच्या खात्यावर जमा होतं आणि मग गोळी सुटते. हे फार महागात पडतं. दुखणं सहन होण्याइतकं असलं तरी आतली सूज हाड कुरतडत राहू शकते.

म्हणून अन्नाचा संबंधच नाही असं नव्हे. नॉर्वेतले येन्स केल्डसेन-क्राग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५३ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना सात ते दहा दिवस जवळजवळ उपासच होता: भाज्यांचं कढण, रस, काढ्यासारखा चहा. नंतर दर दुसऱ्या दिवशी एकच नवा पदार्थ. दोन ते अठ्ठेचाळीस तासांत दुखणं वाढलं तर तो पदार्थ किमान सात दिवस बंद, मग पुन्हा एकदा चाखायचा, आणि दुसऱ्यांदाही त्रास झाला तरच बाद करायचा. सुरुवातीचे काही महिने गहू, दूध, मांस-मासे नाहीत. पुढे दूध-गहू हळूहळू परत. नेहमीचं जेवणाऱ्या गटापेक्षा या गटाची तब्येत वर्षाअखेरीसही बरी होती. मात्र आपण काय खातोय हे रुग्णांना ठाऊक होतं, आणि आशेनेही दुखणं कमी वाटतं.

ती पळवाट बंद करायचा प्रयत्न अमेरिकेत रिचर्ड पॅनुश यांनी केला. १९८३ च्या त्यांच्या प्रयोगात २६ रुग्णांना दोन वेगवेगळे आहार दिले, आणि त्यांतला खरा पथ्याचा कोणता हे रुग्णांना कळू दिलं नाही. दहा आठवड्यांनी सरासरीत फरक दिसला नाही. पथ्य पाळणाऱ्या दोघांना मात्र ठळक उतार पडला. पुढे १९८६ मध्ये त्यांनी एका स्त्रीची हकिगत मांडली: दूध कॅप्सूलमध्ये लपवून दिलं तरी तिचे सांधे आखडत, दुसरं काही भरून दिलं तर नाही. थोडक्यात, सगळ्यांसाठी एक पथ्य नाही. काही थोड्यांसाठी एखादा पदार्थ खरोखर त्रासाचा. आपण त्यांतले आहोत का, एवढंच घरी पाहायचं असतं.

ते पाहायचं तर आधी औषधाचा डोस स्थिर हवा, आणि काय करतोय हे डॉक्टरांना माहीत हवं. पहिले दोन आठवडे काहीच सोडायचं नाही, फक्त वहीत लिहायचं. उठल्यापासून मूठ पुरी मिटेपर्यंत किती मिनिटं गेली, दुखणं दहापैकी किती, आणि रोजचं एखादं काम जमलं का: कणीक मळणं, कुकरचं झाकण लावणं, ब्लाउजची हुकं. ‘आज बरं होतं’ ही नोंद निरुपयोगी आहे.

मग एकच पदार्थ काढायचा, फार तर दोन; साधारण तीन आठवडे, पण पुरता. गहू काढणं आपल्याला सोपं वाटतं, कारण भाकरी हाताशी असते. पण रवा, शेवया, ब्रेड यांच्याबरोबर डबीतला हिंगही पाहावा लागतो. बाजारच्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. दूध म्हणजे चहा, ताक, पेढा आणि बिस्किटंही. एकादशीचा उपास मात्र यात धरू नये. साबुदाण्याच्या खिचडीने गहू सुटतो खरा, पण एका दिवसात काही कळत नाही.

खरी तपासणी पुढे आहे, आणि बरं वाटू लागलेली माणसं नेमकी तीच टाळतात. पदार्थ परत आणायचा, तोही एकटा आणि भरपूर. दूध असेल तर सकाळी पेलाभर साधं दूध; चहा-बिस्किटांतून नको. मग दोन-तीन दिवस वहीकडे लक्ष. त्रास वाढला तर थांबायचं, सांधे पूर्ववत होऊ द्यायचे, पुन्हा घेऊन पाहायचं. गव्हासाठी मला थालीपिठाची युक्ती आवडते. भाजणी दोन डब्यांत, एकीत गहू, दुसरीत नाही. कोणत्या दिवशी कुठली लावली हे करणाऱ्यालाच माहीत. खाणाऱ्याने फक्त नोंदी ठेवायच्या, वही नंतर ताडून पाहायची.

वांगी-बटाटा-टोमॅटोविरुद्ध बोललं जातं पुष्कळ, पण ठोस पुरावा नाही; संशय असेल तर त्यांचीही अशीच परीक्षा घ्यावी, नसेल तर खुशाल खावं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०२२ मध्ये पसंती दिली ती भूमध्यसागरी वळणाच्या आहाराला, तीही बेताची: भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल. आपल्याकडच्या बांगड्या-तारल्यांत ओमेगा-३ भरपूर असतं. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं. शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्यासारखा करून घेतं.

मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि आधीच वजन उतरलेल्यांनी नॉर्वेसारखा उपास मनाने करू नये. आणि दूध खरोखर बाद ठरलं, त्यात स्टेरॉइडही चालू असेल, तर हाडांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो: नाचणी आणि तीळ रोजच्या जेवणात, शिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या लागतील का, हे डॉक्टरांना पुढच्याच भेटीत विचारून घ्यावं.