पोटरी उडतेय? आधी टाचांवर चालून बघा

‘डॉक्टर, दंड उडतोय. एएलएस तर नसेल ना?’

हल्ली हा प्रश्न दवाखान्यात सारखा येतो. विचारणारा जिना चढून आलेला असतो आणि बसल्या बसल्या मोबाइलवर पोटरीचे व्हिडिओ दाखवतो. हातातल्या फाइलमध्ये एमआरआय असतो, कुणीही न सांगता स्वतःच्या खर्चाने काढलेला. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगला झालेला हा चेतापेशींचा आजार आपल्यालाही जडलाय, हे त्याच्या मनाने घेतलेलं असतं. आता फक्त माझी सही हवी असते.

तर सगळ्यात मोठा गैरसमज हा: स्नायू उडतोय म्हणजे मज्जासंस्था संपत चालली आहे.

मेंदूकडून आलेला हुकूम स्नायूपर्यंत पोचवणारी प्रत्येक चेतापेशी एकाच वेळी अनेक स्नायुतंतूंना चालवते. कधी ती हुकमाशिवायच सुटते आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू एकदम आखडतात. कातडीखाली थरथर दिसते ती ही. जागरण, जास्तीचा चहा-कॉफी, जिममधला नवा उत्साह, काळजी, यांपैकी काहीही तिला पुरतं. आणि हे होतं कुणाला? जवळजवळ सगळ्यांना. अमेरिकेत १९६३ साली निरोगी माणसांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांनी आपले स्नायू उडतात असं सांगितलं. डोळ्याची पापणी लवते तेव्हा आपण शुभ-अशुभाच्या गप्पा मारतो आणि विसरून जातो. तीच लवलव पोटरीत झाली की मात्र मृत्युपत्र आठवतं.

एएलएसमध्ये स्नायू उडतात, हे खरंच आहे. पण तिथे चेतापेशी मरत असतात. स्नायू वाळतो आणि हातापायातली ताकद जाते. इंटरनेट नेमकं इथेच फसवतं. ‘एएलएसच्या रुग्णांचे स्नायू उडतात’ हे वाक्य वाचणारा उलटं करून घेतो. पाश्चात्त्य देशांत हा आजार वर्षाला लाखात दोन-तीन जणांना होतो, तोही बहुधा पन्नाशी-साठीनंतर. एकविसाव्या वर्षी निदान होऊन पुढे पंचावन्न वर्षं जगलेले हॉकिंग हा दोन्ही बाजूंनी अपवाद, पण लक्षात राहतो तो तेवढाच!

आकडे ऐकूनही समाधान होत नसेल तर मेयो क्लिनिकचा १९९३ सालचा अभ्यास पाहा. ज्यांचे स्नायू उडतात, पण तपासणी आणि ईएमजी (स्नायूंच्या विद्युत हालचालीची चाचणी) नॉर्मल आहे अशा १२१ जणांचा त्यांनी माग काढला. कुणाचा दोन वर्षं, कुणाचा तब्बल ३२ वर्षं. त्यातल्या एकालाही एएलएस झाला नाही. आणि या भीतीला डॉक्टरही अपवाद नाहीत, उलट त्यांना पुस्तकं पाठ असल्यामुळे ती जास्तच छळते. वैद्यकातल्याच लोकांच्या या धास्तीवर २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यूरॉलॉजिस्टांनी शोधनिबंध लिहिला, तिला स्वतंत्र नावसुद्धा दिलं.

मग बघायचं काय? ताकद. पंजे वर उचलून टाचांवर चार पावलं चालता आलं, तर पाऊल उचलायची ताकद शाबूत आहे. ‘पाय गळून गेल्यासारखा वाटतो’ ही ताकद जाणं नव्हे. चालताना एकाच पायातली चप्पल वारंवार निसटते, पाऊल उचललं न गेल्याने सपाट जमिनीवर ठेच लागते, कुलपात किल्ली फिरत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, बोलणं जड होतं, पाणी पिताना ठसका लागतो, आणि हे आठवड्यागणिक वाढत जातं. असं काही असेल तर स्नायू उडोत वा न उडोत, न्यूरॉलॉजिस्टकडे जा. थोड्या रुग्णांत आजाराची चाहूल उडण्यानेच लागते, म्हणून शंका असेल तर एकदा नीट तपासणी आणि गरज पडल्यास ईएमजी जरूर करावा. एकदा. दर महिन्याला नवीन डॉक्टरकडे नव्हे. आणि रोज आरशासमोर दोन्ही पोटऱ्या टेपने मोजणं बंद करा. उजव्या-डाव्या पोटरीत थोडा फरक असतोच आणि टक लावून शोधलं की उडणंही जास्त जाणवतं.

बाकीचे समज किरकोळ आहेत. हातापायाला मुंग्या येतात म्हणजे एएलएस, हे तर उलटंच: तो आजार हालचालीच्या चेतापेशींचा, मुंग्या-बधिरपणा असेल तर मधुमेह, बी-१२ची कमतरता किंवा मणक्यात दबलेली नस शोधावी. अंगदुखी म्हणजे मज्जासंस्थेचा आजार? बहुतेकदा नाही. ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि कोलेस्टेरॉलसाठी चालू असलेली स्टॅटिनची गोळी आधी तपासा. एमआरआय नॉर्मल म्हणजे एएलएस नाही, हेही चूक. त्यात एएलएस दिसत नाही, तो दुसरे आजार वगळायला काढतात. रात्री पोटरीत गोळा येतो, तो त्रासदायक असला तरी बहुधा निरुपद्रवी असतो.

एका ठिकाणी मात्र ‘काही नाही, उडतंय’ म्हणून सोडून देणं जिवावर बेतू शकतं, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण वाचलं आहे. ऑर्गनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक अंगात गेलं की अंगभर स्नायू उडू लागतात, सोबत दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या आणि धाप. फवारणीनंतर हे दिसलं तर अंगावरचे कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि तडक रुग्णालय गाठा. औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. उपचार कोणते द्यायचे हे डॉक्टरला त्यावरून कळतं.